उतारावरचा गुंठा

डोंगरउताराची जमीन मोजताना टेप जमिनीवर टेकवायची नसते. वरचा माणूस टेपचं टोक पायाशी धरतो, खालचा आपलं टोक छातीपर्यंत, कधी थेट डोक्यावर उचलतो. टेप आडवी ताणली गेली की तो ओळंबा सोडतो, ओळंबा टेकतो तिथे खुंटी ठोकतो आणि त्या खुंटीपासून पुढचा टप्पा सुरू होतो. असं पायरी पायरीने खाली यायचं. सातबाऱ्यावरचं क्षेत्र आडव्या सपाटीचं असतं, उतार त्यात धरत नाहीत. ३० अंशांच्या उतारावर नकाशातलं एक हेक्टर पायाखाली साधारण १.१५ हेक्टर भरतं. शेतकरी तेवढं सगळं नांगरतो, निंदतो, राखतो. कागद मात्र एकच हेक्टर म्हणतो.

शहाद्यात माझं खासगी मोजणीचं आणि लेआउटच्या आराखड्यांचं काम आहे. सपाटीवर ऊस, केळी, पपईच्या शेतांत हे काम सरळ असतं. म्हसावद सोडून धडगावच्या घाटाला लागलं की त्याचा स्वभावच बदलतो. शासकीय मोजणी आता रोव्हरने होते. काठीवर बसवलेलं हे यंत्र उपग्रहांवरून स्वतःची जागा ठरवतं, पण त्यातली चूक काढायला इंटरनेटवरून सतत दुरुस्ती यावी लागते. दरीत उतरलं की अर्धं आभाळ डोंगराआड जातं आणि रेंजही जाते. मग पुन्हा टेप, ओळंबा आणि माणसं. माझे गुरू साखळीवर काम शिकलेले होते. मुंबई इलाख्याच्या पाहणीतली ती साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे. एक साखळी लांब, एक साखळी रुंद तो गुंठा, १०८९ चौरस फूट. आजही प्लॉट विकणारा माणूस याच मापात बोलतो.

धडगावच्या वरच्या अंगाला एका पाड्यावर तीन पावरा भावांच्या शेताचे वाटे मोजायचे होते. खासगी मोजणीला कोर्टात वजन नसतं. घरातल्या घरात कुणाचं कुठवर हे कळावं एवढाच तिचा उपयोग. सरकारी नकाशावर गट होता, जमिनीवर हद्दीची एकही खूण नव्हती. हद्द थोरल्या भावाच्या डोक्यात होती. महूच्या झाडापासून नाल्यातल्या मोठ्या दगडापर्यंत, तिथून बापाने रचलेल्या दगडी बांधाने वर, सादड्याच्या बुंध्यापाशी. तो पुढे चालत होता आणि मी त्याच्या मागे खुंट्या ठोकत होतो. त्याने सांगितलेली रेघ आणि गटाच्या नकाशातली रेघ दोन ठिकाणी सोडली तर जुळली. जिथे जुळली नाही तिथे नाल्याने पात्र बदललेलं होतं.

मला जास्त महत्त्वाची वाटली ती घरांची जागा. तिघांची घरं तीन ठिकाणी, एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर, प्रत्येक आपापल्या शेतात. कुडाच्या भिंती, वर कौलं, समोर ओसरी, बाजूला गुरांचा गोठा. तिन्ही घरं डोंगराच्या सोंडेवर, उतार थोडा विसावतो नेमकी तिथे. दोन पावलं इकडे तिकडे सरकलं असतं तर पाया खणावा लागला असता. "पाणी खाली आहे, दादा, पण इथून शेत दिसतं, पोरं दिसतात," थोरला म्हणाला. कोणत्याही पुस्तकाशिवाय केलेली जागेची इतकी अचूक निवड मी अभियंत्यांच्या आराखड्यातही क्वचितच पाहिली आहे.

याच सुमारास माझ्या आतेभावाचा, बापूदादाचा, न्यू जर्सीहून फोन आला. त्याचं सारं नोकरीचं आयुष्य तिकडे गेलं. तिकडचं नागरिकत्व घेतलं, ओसीआय कार्ड आहे, मुलं तिथलीच झाली. आता हातात पैसा आहे आणि गावाकडच्या माणसांसाठी काही करावं ही खरी तळमळ आहे. त्याने फोनवरच्या उपग्रहाच्या नकाशात धडगाव पाहिलं होतं. "सगळा डोंगर मोकळा पडलाय रे. दोन-चार एकर घेऊ, गुंठ्यागुंठ्याचे प्लॉट पाडू. शिक्षक, नर्सा, ग्रामसेवक, कुणालाही परवडेल अशा भावात देऊ."

त्याच्या बोलण्यात चुकीची भावना काहीच नव्हती. धडगावला बदली होऊन आलेल्या शिक्षकाला धड खोली मिळत नाही हे मीही पाहतो. पण वरून मोकळा दिसणारा तो प्रत्येक तुकडा कुणाच्या तरी घासाचा असतो. उतारावर ज्वारी, मका, उडीद, तूर. बांधावर आंबा, ज्याच्या कैऱ्या वाळवून उन्हाळ्यात आमचूर होतो. त्यापलीकडे महू आणि चारोळी. मोकळं असं तिथे काही नाही.

आधी मी त्याला उताराचा हिशेब सांगितला, कारण तो अभियंता आहे. ३३ फूट चौरस प्लॉट १५ अंशांच्या उतारावर टाकला तर वरच्या आणि खालच्या कडेत जवळजवळ ९ फुटांचा फरक पडतो. ३० अंशांवर तो १९ फूट होतो. म्हणजे घर बांधण्याआधी काळ्या खडकात कापणी आणि खालच्या बाजूला दगडी धरभिंत. स्वस्त प्लॉटवरचं घर महाग पडणार. शिवाय घेणाऱ्याला ते प्लॉट घेताना कळत नाही, पहिल्या पावसाळ्यात कळतं.

मग कायद्याचा भाग. अक्राणी तालुका, ज्याचं मुख्यालय धडगाव, संविधानाच्या पाचव्या अनुसूचीखालच्या क्षेत्रात येतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६अ प्रमाणे आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला विकणं, बक्षीस देणं, अदलाबदल करणं, गहाण किंवा भाडेपट्ट्याने देणं, यांतलं काहीच जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय होत नाही. ५ वर्षांपर्यंतचा भाडेपट्टा किंवा गहाण सोडलं तर राज्य सरकारची मान्यताही आधी लागते. वनहक्क कायद्याखाली मिळालेली जमीन तर कुणालाच विकता येत नाही. २००६ चा हा कायदा जास्तीत जास्त ४ हेक्टरपर्यंत हक्क देतो, पती-पत्नी दोघांच्या नावाने देतो. ती जमीन वारसाला जाते, बाजारात येत नाही.

दादाला दुसरीकडूनही अडचण होतीच. परकीय चलनाच्या नियमांप्रमाणे परदेशस्थ भारतीयाला किंवा ओसीआय कार्डधारकाला भारतात घर घेता येतं. शेतजमीन, फार्महाउस, मळा विकत घेता येत नाही. वारशाने आली तर ती ठेवता येते. शिवाय महाराष्ट्रात शेतजमीन घेणारा शेतकरी असावा लागतो, ही कुळकायद्याची अट वेगळीच.

"मग लोक करतात ते कसं?" त्याने विचारलं. करतात ते असं: एखाद्या आदिवासी गड्याच्या नावाने खरेदी करायची, त्याच्याकडून कोऱ्या कागदांवर सह्या-अंगठे घ्यायचे, पुढे स्टॅम्पपेपरवर साठेखतं करून गुंठे विकायचे. माझ्याकडे असे आराखडे काढून घ्यायला माणसं आलेली आहेत. मी काढत नाही. अशा प्लॉटवर घेणाऱ्याचं नाव कधीच चढत नाही, आयुष्याची पुंजी कागदात अडकते. आणि ज्याच्या नावाने हे सगळं होतं त्याला स्वतःच्या जमिनीवरून हुसकलेलं असतं.

हा कायदा आकाशातून पडलेला नाही, तो आमच्याच सपाटीवर पिकला. शहादा-तळोद्याच्या काळ्या जमिनी भिल्लांच्या हातून कर्जात, गहाणात, एका अंगठ्यावर कशा गेल्या ते इथल्या प्रत्येक जुन्या घराला ठाऊक आहे. १९७१ मध्ये पाटीलवाडीला आदिवासींवर गोळीबार झाला. भिल्लांचे नेते अंबरसिंग सुरतवंती आणि त्यांच्यासोबतचे सर्वोदयी कार्यकर्ते उभे राहिले, ३० जानेवारी १९७२ ला शहाद्यात भूमुक्ती मेळावा भरला, त्याच वर्षी श्रमिक संघटना सुरू झाली. गेलेल्या जमिनींचे हिशेब गावागावांत मांडले जाऊ लागले. ६ जुलै १९७४ पासून हस्तांतरणावरचे निर्बंध कडक झाले. पाठोपाठ १९७५ चा जमीन परत करण्याचा कायदा आला. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात बिगर-आदिवासींकडे गेलेल्या जमिनी मूळ मालकाला परत देण्याची तरतूद त्यात आहे. जुने फेरफार वाचताना या तारखा मला अजून थांबवतात. नोंद १९७४ च्या आधीची की नंतरची, यावर एखाद्या घराची पिढी ठरलेली असते.

धडगावच्या माणसांना प्लॉट पाडून देण्याचा एक मोठा प्रयोग मात्र झालेला आहे. नर्मदेवरच्या सरदार सरोवरात महाराष्ट्रातली ३३ गावं गेली, त्यांतली २४ अक्राणी तालुक्यातली, बाकीची अक्कलकुव्यातली. नर्मदा पाणीतंटा लवादाच्या १९७९ च्या निवाड्यात पुनर्वसनाची मापं स्पष्ट लिहिली आहेत. २५ टक्क्यांहून जास्त जमीन गेलेल्या कुटुंबाला किमान २ हेक्टर शेती, सज्ञान मुलगा वेगळं कुटुंब धरायचा. घरासाठी ६० बाय ९० फुटांचा प्लॉट, मोफत. दर १०० कुटुंबांमागे शाळा, दर ५० कुटुंबांमागे विहीर आणि गुरांसाठी हौद, दर ५० कुटुंबांमागे झाडाभोवती पार. तंट्याच्या निवाड्यात पार लिहिलेला पाहून मला त्या लिहिणाऱ्याविषयी आदर वाटला. माणसाला बसायला सावली लागते हे त्याने मोजमापात धरलं.

तळोदा तालुक्यात वनजमीन मोकळी करून वसाहती झाल्या. सोमावल, रोझवा या बाजूला कामानिमित्त मी फिरलो आहे. प्लॉट ६० बाय ९० चा, म्हणजे जवळजवळ ५ गुंठे. शहरातल्या प्लॉटच्या मानाने ऐसपैस. पण रांग सरळ. घरासमोर रस्ता, मागे दुसऱ्याचं घर, शेत दूर. काही जणांनी प्लॉटवर सोंडेवरच्यासारखं कुडाचं घर पुन्हा उभारलेलं दिसलं, मागे गोठा, परसात आंबा. काही जण बराच काळ शेतातच झोपडी करून राहतात. एका म्हाताऱ्या बाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, घर चांगलं आहे, पण इथून शेत दिसत नाही. लवादाने कितीतरी गोष्टी मोजल्या. घराच्या ओसरीवरून स्वतःचं शेत दिसणं हे कुठल्याच यादीत नव्हतं, आणि माझ्या आराखड्यांतही कधी नव्हतं.

हे सगळं मी दादाला सांगितलं. तो काही दिवस गप्प होता. मग त्याने विचारलं, "आपल्या शेताचं काय करता येईल?"

आत्याच्या घराचं शहादा तालुक्यातलं शेत त्याच्या नावावर वारशाने आलेलं आहे. त्यातला गावाकडचा एक एकर गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आत पडतो. अशा जमिनीला निवासी वापरासाठी संहितेत सोपी वाट आहे. ठरलेली रक्कम भरली की तसा वापर करता येतो. तिथे ३६अ चा प्रश्न नाही. आदिवासी कुटुंबाला तिथे प्लॉट घ्यायलाही कुणाची परवानगी लागत नाही. धडगावकडची, शहाद्यात नोकरीला लागलेली आणि मुलांच्या शाळेसाठी इथेच घर करू पाहणारी माणसं मला नेहमी भेटतात. दादाला ज्यांच्यासाठी प्लॉट पाडायचे होते ती माणसं तीच आहेत. डोंगर उतरून ती आपणहून इथे आली आहेत.

आराखडा मी काढायला घेतला आहे. ४० गुंठ्यांतले १० टक्के, म्हणजे ४ गुंठे, खुली जागा. ९ मीटरचा रस्ता आणि वळणाची जागा धरून साधारण १२ गुंठे जातात. उरतात २४. क्षेत्र ५०० चौरस मीटरच्या आणि प्लॉट ८ च्या वर जातात, म्हणून महारेराची नोंदणी लागेल, आणि नोंदणी होईपर्यंत एकाकडूनही इसार घ्यायचा नाही हे मी दादाकडून कबूल करून घेतलं आहे. खुल्या जागेच्या कडेला जुनी चिंच आहे. ती तोडायची नाही, तिला पार बांधायचा, यावर आमचं लगेच एकमत झालं.

वाद आहे तो मापाचा. दादा म्हणतो, एक-एक गुंठ्याचे २४ प्लॉट पाडले तर भाव नर्सला, अंगणवाडी सेविकेला झेपेल. मी म्हणतो दोन-दोन गुंठ्यांचे १२, कारण डोंगरातून आलेल्या माणसाला दोन शेळ्या, चुलीची जागा आणि एक झाड लागतं. ते एका गुंठ्यात बसत नाही. त्याचं म्हणणं खोटं नाही. दोन गुंठ्यांची किंमत अंगणवाडी सेविकेच्या पगारात बसत नाही हे मलाही दिसतं. परवा त्याने तिसरा मार्ग काढला: माप दोन गुंठ्यांचंच ठेवायचं आणि जमिनीवरचा नफा सोडायचा, अकृषिक रकमेचा, रस्त्याचा, गटारीचा, विजेच्या खांबांचा खर्च तेवढा वाटून घ्यायचा. मी त्याला त्या खर्चाचं अंदाजपत्रक पाठवलं आहे. आकडा त्याच्या अपेक्षेपेक्षा मोठा आहे, त्याने अजून उत्तर दिलेलं नाही. हद्द कायम मोजणीची फी मात्र त्याने भरली आहे आणि लगतच्या चारही खातेदारांना नोटिसा गेल्या आहेत.