तिरके चालणारे टायर

संगणकावरील मोटारशर्यतीत तुम्ही वळणावर स्टिअरिंग जास्तच फिरवलेत, तर गाडी सरळ बाहेर जाते. ही खेळातली चूक नव्हे! रबर लवचिक असते. म्हणून वळताना चाकाचे तोंड एका दिशेला आणि प्रत्यक्ष गती किंचित वेगळ्या दिशेला असते. या दोहोंमधला कोन वाढला की बाजूची पकड वाढते. पण काही अंशांपर्यंतच. पुढे रस्त्याला टेकलेले बहुतेक रबर घसरू लागते आणि पकड घटते. आम्ही वर्गात शिकवतो तो एकच एक घर्षणांक येथे अपुरा पडतो. डेल्फ्टचे हान्स पात्सेयका व सहकारी यांनी १९८७ मध्ये हा वक्र सूत्रात बसवला. सूत्र मोजमापांशी जुळवलेले, मूळ नियमांतून काढलेले नव्हे; म्हणून नाव पडले ‘जादूचे सूत्र’! असे खेळ रचणाऱ्यांनीही ते वापरले. आता गाडी बाहेर जाऊ लागली, तर वेग कमी करून स्टिअरिंग थोडे सोडून पाहा.