ऊन आहे, जागा नाही

कोयनेचे पाणी, वनकुसवडे पठारावरचा वारा, साक्रीचे ऊन, विदर्भातला कोळसा. विजेचा विचार करताना महाराष्ट्राला निदान निवड करता येते. सिंगापूरला ती सोय नाही. धरण बांधावे अशी नदी नाही. विषुववृत्त अगदी जवळ असल्याने वारा मंद, त्यामुळे मोठ्या पवनचक्क्यांचे गणित जमत नाही. भरती-ओहोटीतला फरक थोडा आणि आसपासच्या समुद्रात जहाजांची दाटी. राहता राहिले ऊन, आणि त्यातही ढगांचा वाटा मोठा. जमीन म्हणाल तर सुमारे ७३५ चौरस किलोमीटर, म्हणजे मुंबई शहर आणि उपनगर हे दोन जिल्हे मिळून होतात त्याहून थोडी जास्त. तेवढ्यात साठ लाखांच्या आसपास माणसे, विमानतळ, बंदर, कारखाने आणि सैन्याच्या सरावाची मैदानेही बसवायची.

म्हणून आजही या देशाची सुमारे ९५ टक्के वीज नैसर्गिक वायूवर तयार होते. पूर्वी ती खनिज तेलावर होत असे. तेलाकडून वायूकडे वळल्याने धूर बराच कमी झाला, पण ती वाट तिथेच संपते. वायूही शेवटी कार्बनच जाळतो.

मग उन्हासाठी जागा शोधायची कुठे? पहिले उत्तर गच्चीवर मिळाले. इथली बहुसंख्य माणसे सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या, म्हणजे एचडीबीच्या, इमारतींत राहतात. २०१४ साली ‘सोलारनोव्हा’ योजना सुरू झाली. शेकडो इमारतींच्या आणि सरकारी कार्यालयांच्या गच्च्या एकत्र करून एकच मोठी निविदा काढायची, पॅनल कंपनीने स्वखर्चाने बसवायचे आणि सांभाळायचे, इमारतींनी फक्त वीज विकत घ्यायची. दिवसा लिफ्ट, जिन्यातले दिवे आणि पाण्याचे पंप त्यावर चालतात, उरलेली वीज जाळ्यात जाते. आपल्याकडे गच्चीवरच्या पॅनलचा विषय सोसायटीच्या वार्षिक सभेत निघाला की गाडी गळक्या टाकीवरून पार्किंगवर जाते आणि ठराव पुढच्या वर्षावर. तिथे मालक एकच असल्याने हा खोळंबा टळला. ही युक्ती तंत्रज्ञानाची कमी आणि कारभाराची जास्त आहे.

दुसरे उत्तर पाण्यावर सापडले. पश्चिमेकडच्या तेंगेह जलाशयावर जुलै २०२१ मध्ये ६० मेगावॅटचा तरंगता सौर प्रकल्प सुरू झाला. सुमारे ४५ हेक्टर पाण्यावर १ लाख २२ हजार पॅनल. पाण्यामुळे पॅनल कमी तापतात, आणि कमी तापलेले पॅनल जास्त वीज देते. खालच्या जीवांना उजेड आणि हवा मिळावी म्हणून रांगांमध्ये अंतर सोडले आहे. ही वीज देशातल्या पाच जलशुद्धीकरण केंद्रांची गरज भागवण्याइतकी आहे. मात्र ढग आला की उत्पादन मिनिटांत कोसळते. अशा धक्क्यांसाठी जुरोंग बेटावर २०२३ मध्ये २०० मेगावॅट क्षमतेचा बॅटरीसाठा उभा राहिला.

एवढे सगळे करून हाती काय लागते? २०३० साठी दोन गिगावॅटचे उद्दिष्ट ठरले तेव्हा सरकारचाच हिशेब असा होता की त्यातून त्या वर्षीच्या विजेच्या मागणीचे साधारण तीन टक्के भागतील. सौरऊर्जेच्या कौतुकात हा आकडा सहसा छापला जात नाही. तो नजरेआड केला तर सिंगापूरची पुढची सगळी धडपड कळतच नाही.

ही धडपड म्हणजे शेजाऱ्यांकडून वीज आणणे. जून २०२२ पासून लाओसमधली जलविद्युत थायलंड आणि मलेशियामार्गे येऊ लागली, सुरुवातीला १०० मेगावॅटपर्यंत. २०३५ पर्यंत चार गिगावॅट आयात करण्याचे उद्दिष्ट २०२४ मध्ये सहावर नेले गेले. ऑस्ट्रेलियातल्या डार्विनहून समुद्रतळातून सुमारे ४,३०० किलोमीटरची तार टाकण्याच्या योजनेलाही सशर्त संमती मिळाली आहे. पण दुसऱ्याच्या उन्हावर आपले दिवे लावायचे तर दुसऱ्याची मर्जीही सांभाळावी लागते. मलेशियाने २०२१ मध्ये स्वतःकडच्या अक्षय विजेच्या निर्यातीवर बंदी घातली आणि ती २०२३ मध्ये उठवली. मलेशियाच्याच जोहोर राज्यातल्या पाण्यावर अनेक दशके विसंबलेल्या देशाला हा अनुभव नवा नसावा. लाओसमधल्या धरणांमुळे मेकाँगच्या मासेमारीवर काय गुदरते, हा हिशेब तर या स्वच्छ विजेच्या बिलात येतच नाही.

मागणीच्या बाजूने सिंगापूर जास्त कडक आहे. गाडी घ्यायची तर आधी लिलावात परवाना जिंकावा लागतो; ही पद्धत १९९० पासूनची. मरीना बे भागात जमिनीखालच्या एका केंद्रातून थंड पाणी नळांनी इमारतींना पुरवले जाते, त्यामुळे तिथल्या इमारतींना आपापली शीतयंत्रणा बसवावी लागत नाही. २०१९ मध्ये आग्नेय आशियातला पहिला कार्बन कर आला. दर टनामागे पाच सिंगापूर डॉलरचा नाममात्र दर २०२४ मध्ये २५ झाला, २०२६ साठी ४५ ठरला आणि २०३० पर्यंत ५० ते ८० करण्याचा इरादा आहे. परदेशी स्पर्धेला तोंड देणाऱ्या मोठ्या उद्योगांना त्यात सवलती आहेत. जुरोंग बेटावरचे तेलशुद्धीकरण आणि रसायनांचे कारखाने डोळ्यांसमोर आणले की त्या कोणासाठी, हे वेगळे सांगायला नको.

आणखी एक गोष्ट या हिशेबाबाहेर राहते. जगात जहाजांना सर्वाधिक इंधन विकणारे बंदर सिंगापूरचे आहे. पण आंतरराष्ट्रीय जहाजांत भरलेले तेल कोणत्याच देशाच्या उत्सर्जनाच्या बेरजेत धरत नाहीत. २०५० च्या नेट-झीरोच्या उद्दिष्टातही ते येत नाही. जुलै २०२३ मध्ये या बंदरात एका मालवाहू कंटेनर जहाजात पहिल्यांदा हरित मिथेनॉल भरले गेले, सुमारे ३०० टन. त्याच वर्षी तिथे जहाजांना विकलेले एकूण इंधन पाच कोटी टनांहून जास्त होते.