चीज सुकतं कशाने, बुरसटतं कशाने

आपल्याकडच्या दोन पिढ्या प्रोसेस्ड चीजच्या क्यूबवर वाढल्या. त्यामुळे चेडार, गौडा किंवा पार्मेजानचा महागडा तुकडा घरी आला, की त्याचीही तीच सोय लागते. प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळायचा आणि फ्रीजच्या दारात ठेवून द्यायचा. थोड्याच दिवसांत त्याच्या कडा पिवळ्या आणि चिवट होतात, नाहीतर अंगावर हिरवट बुरा धरतो. मग ‘हे चीज आपल्या हवेत टिकतच नाही’ असा निकाल लागतो. यात हवेचा दोष थोडा आणि ठेवण्याच्या पद्धतीचा जास्त असतो.

गैरसमज : चीज ते चीज. क्यूब टिकतो तसा तुकडाही टिकेल.

प्रोसेस्ड चीज १९११ साली स्वित्झर्लंडमधल्या थून या गावी जन्माला आलं. तयार चीज वितळवून त्यात विशिष्ट क्षार मिसळायचे आणि ते पुन्हा साच्यात घालायचं, ही त्याची कृती. त्या उष्णतेत बहुतेक जिवाणू मरतात, विकरं थंडावतात आणि चीजचं मुरणं थांबतं. टणक नैसर्गिक चीज मात्र घरी आणल्यावरही हळूहळू मुरतच असतं. इटलीत पार्मा आणि रेज्जो एमिलियाच्या परिसरात बनणारं पार्मिजानो रेज्जानो, म्हणजे अस्सल पार्मेजान, घ्या. त्याचं एक चाक साधारण ४० किलोचं. त्याला ५०० लिटरहून जास्त दूध लागतं. ते सुमारे तीन आठवडे मिठाच्या पाण्यात बुडवतात आणि मग किमान १२ महिने फळ्यांवर मुरवतात. एवढं झाल्यावर त्यात पाणी उरतं जेमतेम ३० टक्के. पनीरमध्ये निम्म्याहून अधिक पाणीच असतं. टणक चीज पनीरपेक्षा कितीतरी जास्त टिकतं ते या कमी पाण्यामुळे आणि मिठामुळे.

गैरसमज : जितकं घट्ट गुंडाळाल, तितकं ताजं राहील.

सगळ्यात जास्त चीज या समजुतीपायी वाया जातं. कापलेल्या चीजमधून ओल सतत बाहेर पडत असते. क्लिंग फिल्म अंगाला चिकटवली, की ती ओल पृष्ठभागावरच अडकते आणि बुरशीला तेवढं पुरतं. शिवाय चीजमधली चरबी वास चटकन ओढून घेते, त्यात प्लास्टिकचाही वास आला. बरं, उघडं ठेवावं तर फ्रीजची कोरडी हवा ते दगडासारखं करून टाकते. म्हणून मधला मार्ग धरावा. तुकडा बटर पेपरमध्ये गुंडाळा आणि झाकणाच्या डब्यात किंवा झिपच्या पिशवीत, थोडी हवा राहील असा, सैलसर ठेवा. कागद ओलसर किंवा तेलकट झाला, की बदला. हे बदलणं लोक टाळतात आणि तिथेच घात होतो. पावसाळ्यात तर आळस करूच नये.

दुकानातून आलेल्या, न फोडलेल्या व्हॅक्यूम पाकिटाला हे लागू नाही. त्यात हवाच नसते, त्यामुळे ते फोडेपर्यंत तसंच राहू द्यावं.

जागेचंही तेच. फ्रीजचं दार दिवसभर उघडतं-मिटतं, त्यामुळे तिथलं तापमान सारखं वरखाली होतं. भाजीचा कप्पा बरा. ४ ते ८ अंश सेल्सियस एवढी थंडी पुरते. मात्र त्याच कप्प्यात चिरलेला कांदा किंवा पिकलेला हापूस उघडा असेल, तर दोघांपैकी एकाची चव बिघडली म्हणून समजा.

गैरसमज : बुरा दिसला, की सगळं फेका. किंवा, वरचा बुरा खरवडा आणि खा.

दोन्ही चूक. टणक चीज घट्ट असल्याने बुरशीचे तंतू त्यात फार खोल शिरत नाहीत. पण डोळ्यांना दिसतं त्यापेक्षा खोल ते गेलेले असतात, म्हणून खरवडून भागत नाही. अमेरिकेच्या कृषी विभागाचा सल्ला असा आहे : बुऱ्याच्या चारही बाजूंनी आणि खाली किमान एक इंच, म्हणजे अडीच सेंटीमीटर, भाग कापून टाका. सुरी बुऱ्याला लागू देऊ नका, नाहीतर तीच तो पसरवते. उरलेलं चीज नव्या कागदात गुंडाळा. ही मुभा फक्त टणक, अखंड तुकड्याला आहे. किसलेलं चीज, स्लाइस, पनीर, क्रीम चीज यांना बुरा आला तर ते सरळ टाकून द्यावं. ‘ब्लू चीजमध्ये बुरशीच असते ना?’ हा युक्तिवाद इथे चालत नाही. तिथली बुरशी निवडून सोडलेली असते, तुमच्या फ्रीजमधली आगंतुक.

जुन्या पार्मेजानमधले पांढरे कण मात्र बुरा नव्हेत. ते टायरोसिन या अमिनो आम्लाचे स्फटिक, चीज नीट मुरल्याची खूण. चेडारच्या पृष्ठभागावर कॅल्शियम लॅक्टेटचा पांढरा थर येतो, तोही निरुपद्रवी. हे कण दाताखाली किंवा बोटाला कडक लागतात. बुरा मऊ आणि लवदार असतो.

गैरसमज : फ्रीझरमध्ये टाकलं, की काळजी मिटली.

खराब होत नाही, पण गोठताना पाण्याचे स्फटिक चीजची वीण मोडतात आणि ते भुसभुशीत होतं. पास्त्यावर किंवा पिझ्झ्यावर वितळवायला ठीक, नुसतं खायला नाही. एकदम सगळं किसून ठेवण्याची युक्तीही फसवी. कीस झाला, की हवेला उघडा पृष्ठभाग कित्येक पटींनी वाढतो आणि चीज लवकर बुरसटतं. लागेल तेवढंच किसावं.

वीज गेली तरी घाबरू नका. काही तास फ्रीज बंद राहिला, तरी चेडार किंवा पार्मेजानचा तुकडा बिघडत नाही. त्याच फ्रीजमधल्या पनीरची मात्र खात्री देता येत नाही.

पार्मेजानची कडक साल लोक कचऱ्यात टाकतात. ती वाळलेलं चीजच असते. स्वच्छ करून सूपमध्ये उकळली, तर चव उतरते. गौडा-एडामवरचं मेणाचं कवच मात्र खायचं नसतं. (अस्सल पार्मिजानो रेज्जानोत वासराच्या जठरातलं रेनेट हे दूध साकळवणारं विकर वापरतात. शाकाहारी घरांनी पाकिटावर वनस्पतिज किंवा सूक्ष्मजीवजन्य रेनेट लिहिलंय का, ते पाहावं.)

एकदा फोडलेलं टणक चीज नीट ठेवलं, तर फ्रीजमध्ये तीन-चार आठवडे चांगलं राहतं. म्हणून सवलतीतला मोठा गोळा उचलण्याआधी तो महिन्याभरात घरात संपेल का, एवढं पाहा आणि बेताचाच तुकडा घ्या.