बदलापूर : पहाटे जागं होणारं उपनगर

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून सुमारे 68 किलोमीटर, अंबरनाथ आणि वांगणीच्या मधे. मुंबई गाठायला लोकलने साधारण दीड तास; म्हणून इथल्या स्वयंपाकघरांतले दिवे पहाटेच लागतात. दुपारी सोसायट्या शांत, संध्याकाळी मात्र स्टेशनबाहेर भाजीवाले आणि रिक्षांची गर्दी.

पूर्वेला कुळगाव, पश्चिमेला जुनं बदलापूर. नगरपरिषदेच्या नावात दोन्ही गावं आहेत. इथल्या जांभळांना भौगोलिक मानांकन मिळालं आहे.

उल्हास नदी हे गावाचं वैभव, पण पावसाळ्यात धोकाही. 27 जुलै 2019 रोजी महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीदरम्यान पुरात अडकली. सुमारे हजार प्रवाशांची सुटका करावी लागली.

इथे घर घेताना स्टेशनच्या अंतराआधी पूररेषा तपासावी.