सांगोल्याचा स्वतंत्र हिशेब

सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोल्याचे, शेतकरी कामगार पक्षाचे (शेकाप) गणपतराव देशमुख ऊर्फ आबासाहेब यांचे नाव निघाले की पाठोपाठ 'अकरा वेळा आमदार' हे शब्द येतात. ते खरेच आहेत. त्याला जोडून 'एकाच मतदारसंघातून सर्वाधिक वेळा, देशात पहिले' असेही सांगितले जाते. ते मात्र टिकत नाही. केरळमध्ये के. एम. मणी यांनी एकट्या पाला मतदारसंघातून 1965 ते 2016 या काळात 13 निवडणुका जिंकल्या, शेजारच्या पुदुपल्लीतून उम्मन चंडी 1970 पासून 12. करुणानिधीही 13 वेळा निवडून आले, पण मतदारसंघ बदलत. आबासाहेबांचा विक्रम महाराष्ट्रापुरता आहे, आणि त्यांचे मोठेपण मोजायला तो पुरेसाही नाही. त्यासाठी निकालांची वही राज्याच्या निकालाशेजारी ठेवून वाचावी लागते.

1962, 1967, 1974 ची पोटनिवडणूक, 1978, 1980, 1985, 1990, 1999, 2004, 2009 आणि 2014 हे त्यांचे विजय. पराभव दोन, 1972 आणि 1995 चे. पहिल्या विजयावेळी राज्यात काँग्रेसचे 215 आमदार होते आणि शेकापचे 15. मूळचा मोहोळ तालुक्यातला, सांगोल्यात वकिली करणारा हा तरुण त्या पंधरांत होता. 1972 मध्ये काँग्रेसने 270 पैकी 222 जागा घेतल्या. त्या लाटेत सांगोलाही गेले. पण दोनच वर्षांनी पोटनिवडणुकीत तालुक्याने आपला माणूस परत पाठवला. 1980 मध्ये इंदिरा काँग्रेसला 186 जागा मिळाल्या, तरी सांगोला शेकापकडेच राहिले.

दुसरा पराभव अधिक बोलका आहे. 1995 मध्ये काँग्रेस 80 जागांवर घसरली आणि शिवसेना-भाजप युतीचे सरकार आले. राज्य काँग्रेसला नाकारत असताना सांगोल्यात मात्र काँग्रेसचे शहाजीबापू पाटील जिंकले, तेही अवघ्या 192 मतांनी. सरकारविरोधी वाऱ्याचा फायदा इथल्या विरोधी आमदाराला मिळाला नाही. इथला सामना सत्ताधारी आणि विरोधक असा नव्हताच, तो आबांचा गट आणि आबाविरोधी गट असा होता. 2014 मध्येही तेच दिसले. मोदी लाटेत भाजपने 122 जागा जिंकल्या, शेकापच्या वाट्याला फक्त 3 आल्या, आणि वयाची पंचाऐंशी ओलांडलेले गणपतराव सुमारे 25 हजारांच्या फरकाने निवडून आले.

हा हिशेब कशावर उभा होता? पहिले उत्तर पाणी. माणदेशाच्या या पट्ट्यात पाऊस हुलकावणी देतो. नव्वदच्या दशकात नागनाथअण्णा नायकवडींच्या पुढाकाराने तेरा दुष्काळी तालुक्यांची चळवळ उभी राहिली, आटपाडीत पाणी परिषदा भरू लागल्या. कृष्णेचे पाणी उपसून टेंभू आणि म्हैसाळ योजनांतून दुष्काळी भागाला द्यावे, ही मागणी तिथून घुमली आणि गणपतरावांनी ती सभागृहात लावून धरली. दुसरे उत्तर सहकार. साखर कारखान्यांच्या जिल्ह्यात त्यांनी सूतगिरणीला हात घातला. तिसरे उत्तर राहणीमान. एसटीने मुंबईला जाणारा आमदार ही आख्यायिका नव्हती, लोकांनी डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट होती.

यात सत्तेचा वाटा थोडाच. त्यांच्या खात्यावर सभागृहातली 50 हून अधिक वर्षे जमा आहेत. त्यांतली मंत्रिपदाची वर्षे 1978 च्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकारातली आणि 1999 नंतरच्या आघाडी सरकारातली, म्हणजे मोजकीच. 1977 मध्ये ते विरोधी पक्षनेते झाले. मंत्र्याच्या खुर्चीपेक्षा समोरच्या बाकावरच त्यांची कारकीर्द घडली. दुसरीकडे पक्ष आटत होता. 1967 मध्ये 19 आमदार असलेला शेकाप 2004 मध्ये 2 वर आला. पक्ष वाढवू शकेल अशी दुसरी फळी राज्यभर उभी राहिली नाही, हे अपयश पक्षाचे आणि काही अंशी त्यांच्या पिढीचेही. सांगोला राखताना बाकीचा महाराष्ट्र हातचा गेला.

मग ही मते पक्षाची की माणसाची? याची परीक्षा त्यांनी स्वतः थांबल्यावर झाली. 2019 मध्ये नातू डॉ. अनिकेत देशमुख शिवसेनेच्या शहाजीबापूंकडून 768 मतांनी हरले. 30 जुलै 2021 रोजी गणपतराव गेले. पुढच्या वर्षी शिवसेनेतल्या बंडाच्या वेळी शहाजीबापू गुवाहाटीतल्या फोनवरील संभाषणामुळे घराघरांत पोचले, पण 2024 मध्ये दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख यांनी त्यांना 25 हजारांहून अधिक मतांनी हरवले. त्या निवडणुकीत महायुतीने राज्य अक्षरशः व्यापले होते आणि शेकापला सबंध महाराष्ट्रात ही एकच जागा मिळाली. म्हणजे आबांची मते त्यांच्यासोबत गेली नाहीत. ती पक्षापेक्षा घराण्याकडे वळली, हे मात्र पक्षाला अडचणीचे वाटायला हवे.