घटस्फोट, ग्रामण्य, बहिष्कार : धर्मसमूहाची सत्ता आणि राज्यसंस्थेची मर्यादा

आजच्या मराठीत ‘घटस्फोट’ हा शब्द विवाहविच्छेदाच्या अर्थाने रूढ आहे. धर्मशास्त्रीय परंपरेत मात्र पतित ठरलेल्या व्यक्तीला समूहाबाहेर काढण्याच्या विधीला हे नाव होते. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात या विधीचे वर्णन येते. नातलग गावाबाहेर, सायंकाळी, आप्त, ऋत्विज आणि गुरू यांच्या समक्ष पतिताला मृताप्रमाणे उदक देतात. दासी पाण्याने भरलेला घट पायाने लवंडते. त्यानंतर त्याच्याशी संभाषण, सहवास, दायभाग आणि व्यवहार थांबतात. ज्याची उत्तरक्रिया होते तो जिवंत असतो, हे या विधीचे मर्म होय. धर्मसमूह आपल्या सदस्यांच्या स्वातंत्र्यावर बंधने घालत असेल तर शासनाने त्याला आवर घालावा काय, या प्रश्नाची चर्चा सामान्यतः श्रद्धास्वातंत्र्याच्या परिभाषेत केली जाते. बहिष्काराच्या शब्दांचा आणि साहित्यकृतींचा मागोवा घेतला असता मात्र हा प्रश्न श्रद्धेपेक्षा सामाजिक मृत्यूशी अधिक निगडित असल्याचे दिसते.

केरळमधील नंबूदिरी समाजातील ‘स्मार्तविचारम्’ ही न्यायपद्धती या संदर्भात लक्षणीय आहे. व्यभिचाराचा संशय असलेल्या स्त्रीची चौकशी राजाच्या अनुमतीने होत असे आणि चौकशीच्या काळात तिचा उल्लेख ‘साधनम्’, म्हणजे वस्तू, असा केला जाई. निकाल लागण्यापूर्वीच भाषेने तिचे व्यक्तित्व काढून घेतलेले असे. कोचीन संस्थानात १९०५ साली झालेल्या कुरियेडत्तु तात्रीच्या चौकशीत तिने साठांहून अधिक पुरुषांची नावे घेतली आणि तिच्यासह तेही बहिष्कृत झाले. या घटनेने मल्याळम् साहित्याला दीर्घकाळ विषय पुरवला. ललितांबिका अंतर्जनम् यांची कथा आणि माटंपु कुंञुकुट्टन यांची ‘भ्रष्ट्’ ही कादंबरी ही त्याची उदाहरणे. राज्यसंस्था येथे तटस्थ नव्हती. समूहाच्या शिक्षेला तिचे पाठबळ होते.

मराठी प्रदेशात वसाहतकालीन शासनाने वेगळा मार्ग स्वीकारला. मुंबई इलाख्याच्या १८२७ च्या दुसऱ्या रेग्युलेशनने जातिविषयक प्रश्नांत दिवाणी न्यायालयांनी हस्तक्षेप करू नये, असे तत्त्व घालून दिले. या अलिप्ततेमुळे जातिसंस्थेची सत्ता क्षीण झाली नाही. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये झालेल्या चहापानावरून जे ग्रामण्य उभे राहिले, त्यात रानडे आणि टिळक यांच्यासारख्यांनाही प्रायश्चित्ताच्या प्रश्नाला सामोरे जावे लागले. सार्वजनिक जीवनात ज्यांचा शब्द प्रमाण मानला जाई, त्यांनाही घरातील लग्नमुंजींसाठी पुरोहित आणि पंक्ती यांची गरज होती. राज्य बाजूला राहिले म्हणजे व्यक्ती मुक्त होते, हे गृहीतक या प्रकरणात टिकत नाही.

स्वातंत्र्योत्तर काळात मुंबई विधिमंडळाने १९४९ मध्ये बहिष्कृती प्रतिबंधक कायदा केला. प्रार्थनास्थळी जाण्याचा आणि दफन वा दहनाचा हक्क हिरावणाऱ्या बहिष्कृतीला त्याने अवैध ठरवले. दाऊदी बोहरा समाजाचे धर्मप्रमुख सय्यदना ताहेर सैफुद्दीन यांनी त्याला आव्हान दिले आणि १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा मताने तो कायदा घटनाबाह्य ठरवला. धार्मिक कारणावरून केलेली बहिष्कृती ही पंथाची एकात्मता आणि शिस्त राखण्याचे साधन असल्याने तिला अनुच्छेद २६ चे संरक्षण आहे, असे न्यायमूर्ती के. सी. दास गुप्ता यांनी बहुमताच्या वतीने प्रतिपादन केले. सरन्यायाधीश भुवनेश्वर प्रसाद सिन्हा यांनी भिन्नमत नोंदवताना बहिष्कृताच्या स्थितीचे नाते अनुच्छेद १७ मधील अस्पृश्यतेच्या निषेधाशी जोडले. ज्या भाषेत ‘बहिष्कृत भारत’ हे नियतकालिक १९२७ मध्ये निघाले, तिच्या वाचकाला हा संबंध अपरिचित वाटू नये.

दोन्ही मतांतील भेद मुळात समूहाच्या कल्पनेविषयीचा आहे. बहुमताच्या दृष्टीने पंथ ही समान श्रद्धेने एकत्र आलेल्यांची संघटना आहे. श्रद्धा उरली नाही तर सदस्यत्वही उरत नाही. पण बहिष्काराच्या धाकाखाली राहणाऱ्यासाठी समूह म्हणजे विवाहसंबंध, व्यापार, शेजार आणि कबरस्तान असते. बोहरा समाजातील तक्रारींची चौकशी करणाऱ्या नाथवानी आयोगाच्या १९७९ च्या अहवालाने हेच दुखणे पुढे आणले. यू. आर. अनंतमूर्ती यांच्या ‘संस्कार’ (१९६५) या कन्नड कादंबरीतही पेच देहाशीच येऊन थांबतो. मुसलमान होण्याची धमकी दिल्याने नारणप्पाला अग्रहाराने बहिष्कृत केलेले नाही. म्हणून त्याच्या मृत्यूनंतर अंत्यसंस्कार कोणी करायचे हे ठरत नाही. त्याच्याजवळ बाहेर पडण्याचा पर्याय असल्याने समूहाची सत्ता तेथे लुळी पडते. बाहेर जगता येण्याची शक्यता हीच बहिष्काराच्या सत्तेची खरी मर्यादा, असा या कथानकाचा अर्थ लावता येतो.

यावर एक आक्षेप गंभीरपणे घ्यावा लागतो. शासन बहुसंख्याकांच्या कलाने चालण्याची शक्यता असते आणि सुधारणेच्या नावाखाली लहान पंथांच्या अंतर्गत जीवनावर त्याचा ताबा बसू शकतो. म्हणूनच कोणाला सहधर्मी मानावे, कोणती उपासना शुद्ध, कोण गुरू, हे ठरवणे शासनाचे काम नव्हे. परंतु प्रेताला जागा नाकारणे, पतिपत्नींना विभक्त होण्यास भाग पाडणे, दुकानावर व्यवहारबंदी घालणे ही कृत्ये श्रद्धेच्या कक्षेत बसत नाहीत. त्यांचा परिणाम नागरिकत्वावर होतो.

महाराष्ट्राने २०१६ मध्ये संमत केलेला आणि २०१७ मध्ये अमलात आलेला सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा बहुतांशी या दुसऱ्या क्षेत्राकडे वळला. त्याने तीन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद केली आणि १९४९ चा कायदा निरसित केला. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच सदस्यांच्या पीठाने १९६२ च्या निकालाचा पुनर्विचार आवश्यक मानून तो प्रश्न नऊ सदस्यांच्या पीठाकडे पाठवला. दंडविधानाला मात्र एक मर्यादा आहे. परतीची आशा असलेला बहिष्कृत आपल्याच भावाविरुद्ध फिर्याद देण्यास सहजी तयार होत नाही. त्यामुळे शिक्षेइतकेच महत्त्व सार्वजनिक स्मशानभूमी आणि कबरस्ताने, नोंदणी विवाह, वारसाहक्काची हमी यांना आहे. मनुस्मृतीत प्रायश्चित्तानंतर नवा घट पाण्यात सोडून पतिताला परत घेण्याचाही विधी आहे. ते दार उघडावे की नाही, हे समूहाने ठरवावे. ते बंद राहिले तरी माणूस जिवंतच गणला जावा, ही जबाबदारी राज्यसंस्थेची.