रोड बाईकचा पुढचा गिअर जाम झालाय? लिव्हरवर जोर लावायच्या आधी वायरची वाट तपासा

भंडारा–तुमसर रस्त्यावर मोहाडीच्या आसपास रोड बाईक चालवायचं एक सुख आहे. मुलूख सपाट. दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या, समोर सरळ रस्ता. एकदा चेन पुढच्या मोठ्या चकतीवर चढवली की पाय चालू ठेवायचे, बस. डाव्या हाताच्या गिअरला महिना महिना बोट लावायची वेळ येत नाही.

मग एखाद्या रविवारी रामटेकचा बेत ठरतो. गडाचा चढ लागतो. आता पुढची लहान चकती हवी म्हणून डावा लिव्हर दाबला, तर 'टक्' आवाज येतो पण चेन काही खाली येत नाही. उभं राहून, दात-ओठ खात चढ काढावा लागतो. दोन-चार वेळा खटपट केल्यावर चेन खाली आलीच, तर परतीच्या वाटेवर ती पुन्हा मोठ्या चकतीवर जायला तयार नसते. लिव्हर दगडासारखा घट्ट.

अशा वेळी बहुतेक जण दोनपैकी एक गोष्ट करतात. एकतर लिव्हरवर आणखी जोर लावतात, नाहीतर पेचकस काढून डिरेलरवर दिसेल तो स्क्रू फिरवतात. दोन्ही चुकीचं. कारण दुखणं बहुतेक वेळा लिव्हरमध्येही नसतं आणि स्क्रूमध्येही नसतं. ते असतं या दोघांना जोडणाऱ्या वायरच्या वाटेत.

कसं, ते नीट बघूया.

पुढचा गिअर मुळातच जड का असतो?

रोड बाईकला डाव्या हाताचा लिव्हर पुढचा गिअर सांभाळतो आणि उजव्या हाताचा मागचा. दोन्हीकडे चेन एका चकतीवरून दुसरीवर ढकलायचं काम डिरेलर करतो. पण दोघांच्या कामात फरक आहे.

मागचा डिरेलर चेनच्या खालच्या, सैल भागाला हलवतो. पुढचा डिरेलर मात्र चेनचा वरचा, ताणलेला भाग ढकलतो. म्हणजे तुमच्या पायांचा सगळा जोर ज्या भागावर आहे, नेमका तोच. त्यात मागं शेजारच्या दोन चकत्यांमध्ये एक-दोन किंवा फार तर तीन-चार दात्यांचा फरक असतो. पुढं ५०/३४ ची जोडी असेल तर चेनला एका दमात १६ दात्यांची उडी मारायची असते. म्हणून पुढच्या डिरेलरची स्प्रिंगही दणकट असते.

थोडक्यात काय, डावा लिव्हर उजव्यापेक्षा जरा जड लागणं हा बिघाड नाही. बिघाड तेव्हा समजायचा, जेव्हा तो पूर्वीपेक्षा जड लागायला लागतो, किंवा लिव्हर सोडला तरी चेन खाली यायला टाळाटाळ करते.

ही दुसरी खूण फार महत्त्वाची. चेन वर चढवताना तुमचा हात वायर ओढतो. चेन खाली आणताना मात्र हाताचं काम फक्त वायर सोडण्याचं, ओढायचं काम स्प्रिंग करते. वायर वाटेत कुठं अडकत असेल, तर वर जाताना तुमच्या हाताला त्रास होतो आणि खाली येताना स्प्रिंगला. दोन्हीकडे अडचण असेल तर शंका पहिली वायरवर घ्यायची.

वळणं वाढली आणि वायर अडकायला लागली

जुन्या रेसिंग सायकलींना गिअरचे लिव्हर हँडलवर नसायचे. ते सायकलच्या तिरप्या खालच्या नळीवर असायचे. तिथून डिरेलरपर्यंत उघडी, छोटी, सरळ वायर. अडकायला जागाच नाही. १९९० मध्ये शिमानोनं 'ड्युरा-एस' या आपल्या वरच्या श्रेणीत ब्रेक आणि गिअर एकाच लिव्हरमध्ये आणले. हात हँडलवरून न काढता गिअर बदलता यायला लागले. सोय झाली, पण वायरचा प्रवास लांबला. आता ती हँडलच्या टेपखालून वळते, फ्रेमकडे उतरते, आणि पायडलच्या एक्सलखालून वळसा घेऊन डिरेलरला पोचते. नव्या सायकलींत ती फ्रेमच्या आतून जाते, तिथं आणखी वळणं.

वळणाचा हिशेब कळायला म्हशीचं दावं आठवा. खुंट्याला नुसतं टेकवलेलं दावं म्हैस सहज ओढून नेते. त्याच खुंट्याला दोन वेढे दिले की एका हातानं धरून ठेवता येतं. वेढे वाढले की घर्षण नुसतं वाढत नाही, पटीत वाढतं. गिअरच्या वायरचंही तेच. वाट स्वच्छ असेल तोवर ही वळणं जाणवत नाहीत. त्यात गंज किंवा माती शिरली की प्रत्येक वळण एक वेढा बनतं.

आणि धानाच्या मुलखात माती कमी नाही. रोवणीच्या दिवसांत ट्रॅक्टरची चाकं बांधीतला चिखल डांबरी रस्त्यावर आणून टाकतात. पुढच्या चाकानं उडवलेला तो चिखल थेट बसतो पायडलच्या एक्सलखाली, जिथून गिअरची वायर प्लास्टिकच्या एका छोट्या खाचेतून वळते. वरून बाटलीतलं ओआरएस नाहीतर लिंबू-साखरेचं पाणी ठिबकत तिथंच येतं. सुकल्यावर त्याचा चिकट थर होतो.

ही खाच सायकल उलटी केल्याशिवाय दिसत नाही, म्हणून वर्षानुवर्षं कुणी ती साफ करत नाही. त्यात सपाट रस्त्यामुळं पुढचा गिअर वापरलाच जात नाही. वायर एकाच जागी बसून राहते आणि तिथंच धरते.

बिघाड कुठं आहे? तीन तपासण्या

काही उघडायच्या आधी दुखणं कुठं आहे ते ठरवा. त्यासाठी चेन लहान चकतीवर आणा, म्हणजे वायर सैल होते.

पहिली तपासणी, लिव्हरची. डिरेलरवर वायर जिथं बोल्टनं आवळलेली आहे, तो बोल्ट ॲलन कीनं सैल करा. करण्याआधी मोबाईलवर त्या जागेचा जवळून फोटो काढून ठेवा, कारण वायर बोल्टच्या कोणत्या बाजूनं गेली होती हे नंतर आठवत नाही. आता वायरचं सुटं टोक एका हातानं हलकं ताणून धरा आणि लिव्हर चालवा. तो मऊ चालला आणि प्रत्येक टप्प्याला स्वच्छ 'टक्' आला, तर लिव्हर ठीक आहे.

दुसरी तपासणी, डिरेलरची. वायर सुटी असतानाच डिरेलर हातानं बाहेर ढकला आणि सोडा. तो झटकन परत आला पाहिजे. रेंगाळत आला किंवा मध्येच थांबला, तर त्याच्या सांध्यांत माती किंवा गंज आहे.

तिसरी तपासणी, वायरची. सुटी वायर दोन्ही बाजूंनी पुढं-मागं सरकवून बघा. खरखर जाणवली, झटके देत सरकली, तर चोर सापडला.

रस्त्यात असाल आणि तुमच्या सायकलची वायर तिरप्या नळीखाली उघडी दिसत असेल, तर अवजाराशिवाय एक अंदाज घेता येतो. कुणाला तरी मागचं चाक उचलून पायडल फिरवायला सांगा आणि ती उघडी वायर हातानं नळीपासून दूर ओढा. डिरेलर सहज हलला, पण लिव्हरनं हलत नाही, तर अडचण हँडलच्या बाजूला आहे. हातानंही हलत नसेल, तर एक्सलखालची खाच किंवा डिरेलर बघा.

दुरुस्ती कशी करायची?

खाच घाण असेल तर उपाय फुकटातला आहे. सायकल उलटी करा, साधं पाणी आणि जुना टूथब्रश घ्या, खाच घासून काढा, पुसून कोरडी करा आणि पातळ तेलाचा एकच थेंब सोडा. तेल जास्त झालं तर नवी माती तिथंच चिकटेल.

डिरेलरचे सांधे जड असतील तर तेही ब्रशनं साफ करून प्रत्येक सांध्याला एकेक थेंब द्या आणि डिरेलर हातानं वीस-तीस वेळा हलवा. डिस्क ब्रेकची सायकल असेल तर स्प्रे मारू नका. डिस्कवर तेलाचा तुषार गेला तर ब्रेक लागणार नाही.

इथं बरेच जण डब्ल्यूडी-४० वापरतात. १९५३ मध्ये बनलेल्या या द्रवाच्या नावाचा अर्थच 'पाणी हटवणारा, चाळिसावा प्रयत्न' असा आहे. ओल आणि घाण काढायला ते चांगलं, पण ते टिकणारं वंगण नाही. साफसफाईनंतर सायकलचं तेल द्यावंच लागतं.

वायरच खरखरत असेल तर तिला तेल पाजत बसू नका. वायर आणि तिचं बाहेरचं आवरण, ज्याला दुकानात 'आऊटर' म्हणतात, दोन्ही बदला. घेताना नीट बघून घ्या. गिअरची आतली वायर साधारण १.२ मिलिमीटर जाडीची असते, ब्रेकची १.६ च्या आसपास. आऊटरही वेगळा. ब्रेकच्या आऊटरमध्ये तार स्प्रिंगसारखी गुंडाळलेली असते, गिअरच्या आऊटरमध्ये तारा सरळ लांबीनं बसवलेल्या असतात. दुकानात गिअरचा नाही म्हणून ब्रेकचा आऊटर लावला तर तो दाबला जातो आणि गिअर नीट बसत नाही. उलट, गिअरचा आऊटर ब्रेकला तर कधीच लावायचा नाही. जोरात ब्रेक दाबल्यावर तो फाटू शकतो.

आऊटर कापताना टोक सरळ कापलं गेलं पाहिजे. कापल्यावर आतली प्लास्टिकची नळी चेपते, ती टाचणीनं पुन्हा मोकळी करा आणि टोकाला टोपी बसवा. नवी वायर टाकूनही गिअर जड राहिला, तर बऱ्याचदा हे चेपलेलं टोकच कारण असतं.

आता लिव्हर. पहिल्या तपासणीत तोच जड निघाला तर दोन शक्यता. एक, आतलं जुनं ग्रीस सुकून चिकट झालंय. त्यावर योग्य क्लीनर आणि नंतर पातळ वंगण देऊन तो वारंवार चालवला की बहुतेक वेळा मोकळा होतो. रॉकेल ओतून ठेवू नका. ते ग्रीस धुऊन नेतं आणि आतले भाग कोरडे ठेवतं. दुसरी शक्यता जास्त गंभीर. लिव्हरच्या आत, वायरच्या डोक्यापाशी, तिचे धागे एकेक करून तुटत असतात. गिअर दिवसागणिक बिघडत चालला असेल तर हेच समजा आणि जोर लावणं लगेच थांबवा. वायर आत तुटली तर तिचे तुकडे यंत्रात अडकतात. वायर स्वस्तात येते, लिव्हर नाही.

मग ते दोन स्क्रू कशासाठी?

डिरेलरवरचे 'एल' आणि 'एच' हे स्क्रू फक्त सीमा ठरवतात. डिरेलर आत किती यावा आणि बाहेर किती जावा, एवढंच. वायर अडकत असेल तर ते फिरवून काही मऊ होत नाही. उलट सीमा बिघडते आणि चेन चढावर फ्रेमच्या बाजूला नाहीतर पायडलच्या बाजूला पडते.

ते तपासायचे वायर ठीक झाल्यावरच. चेन पुढं लहान आणि मागं सगळ्यात मोठ्या चकतीवर असताना डिरेलरची आतली पट्टी चेनपासून जेमतेम अर्धा मिलिमीटर दूर हवी. ती 'एल'नं जुळवा. पुढं मोठी आणि मागं सगळ्यात लहान चकती असताना बाहेरच्या पट्टीचं अंतर तेवढंच ठेवा. ते 'एच'नं. लिव्हर सुरुवातीला मऊ आणि शेवटी एकदम भिंतीला लागल्यासारखा थांबत असेल, तर 'एच' जास्त आवळलाय किंवा वायर जास्त ताणलीय. आणि वायर बोल्टच्या चुकीच्या बाजूनं आवळली असेल तर ओढण्याची तरफच बदलते, सगळं ठीक असूनही लिव्हर जड लागतो. काढलेला फोटो इथं कामी येतो.

आणि एक सवय. पुढचा गिअर चढ सुरू व्हायच्या आधी बदला, आणि बदलताना अर्ध्या फेरीपुरता पायांचा जोर कमी करा. सायकल नवी असो की जुनी, फरक लगेच कळतो.

हे सगळं आपणच का शिकायचं?

नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये 'रेस अक्रॉस अमेरिका' ही जवळपास ४,८०० किलोमीटरची शर्यत एकट्यानं पूर्ण केली. अशा शर्यतीत स्पर्धकामागं गाडी आणि मदतीची माणसं असतात. आपल्यापैकी बरेच जण मात्र ब्रेव्हे करतात. त्यात २०० किलोमीटर साडेतेरा तासांत संपवायचे असतात आणि वाटेतली दुरुस्ती आपली आपणच करायची असते. पहाटे पाच वाजता रस्त्यावर गिअर अडकला, तर शिफ्टर उघडणारा मेकॅनिक शोधायचा कुठं?

म्हणून सपाट रस्ता असला तरी प्रत्येक फेरीत दोन-चार वेळा पुढचा गिअर मुद्दाम वर-खाली करा. पावसाळ्यात दर आठवड्याला सायकल उलटी करून ती खाच पुसा. दोन मिनिटांचं काम आहे. नाहीतर हीच खाच एक दिवस तुम्हाला रामटेकच्या गडावर सायकल हातात धरून चढवेल.